तीन फुटांतलं बिऱ्हाड

दुकानातला दोन इंची ऑस्कर मासा माणसाला हमखास जिंकतो. काचेपाशी बोट नेलं की धावत येतो, डोळे फिरवून बघतो. घरी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे सुमारे दीडशे लिटरची टाकी असते. ‘एवढ्याशा माशाला भरपूर झाली’ असं वाटून आपण जोडी घेतो. नीट खायला मिळालं तर हाच मासा पुढे फूटभराचा होतो आणि सव्वा फुटाच्या रुंदीत त्याला वळणंही जड जातं. फ्लॉवरहॉर्न हा माणसानं संकरातून घडवलेला मासा. तोही असाच वाढतो, शिवाय शेजारी सहन करत नाही. हे दोन्ही मासे तीन फुटी टाकीत ठेवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे दोघेही सिक्लिड कुळातले. या कुळात दीड हजारांहून अधिक जाती आहेत. बाजारातली चिलापीही त्यातलीच. या कुळाचं वेड लागतं ते त्यांच्या संसारामुळे. ते जागा हेरतात, ती लढून राखतात आणि पिल्लांना सांभाळतात. म्हणूनच त्यांना हद्द आखायला जागा लागते.

निवड करण्याआधी घरचं पाणी तपासा. सह्याद्रीतल्या धरणांचं नळाला येणारं पाणी सहसा मृदू असतं. त्यात याच कुळातला एंजल मासा छान राहतो. पाच-सहा पिल्लं आणा, जोडी जमली की बाकीची दुकानदाराला परत द्या. सोबत निऑन टेट्रा मात्र नकोत, मोठा एंजल त्यांना गिळतो. बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी असेल तर ते मृदू करण्याच्या खटाटोपात पडू नका. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचं पाणी तसंच अल्कधर्मी आहे, पीएच आठच्या आसपास. तिथला चार इंची पिवळा लॅबिडोक्रोमिस त्यात खुलतो. फक्त दगडांच्या कपारी भरपूर रचा.

पश्चिम आफ्रिकेतला क्रिबेन्सिस तर नवख्यालाही जमतो. नर चार इंचांपर्यंत, मादी त्याहून लहान. नारळाची करवंटी तोंड ठेवून पालथी घातली की जोडी आत घर करते. विणीच्या दिवसांत मादीचं पोट गुलाबी-जांभळं होतं आणि थोड्या दिवसांत आई-बाप पिल्लांचा थवा टाकीभर फिरवू लागतात.

तरी माझा जीव आहे तो आपल्या ऑरेंज क्रोमाइडवर. भारतात मूळच्या सिक्लिड जाती तीनच. त्यांतली मोठी म्हणजे गोव्यात ताटात येणारी कालुंदर, केरळची करीमीन. ती टाकीसाठी नाही. पण जेमतेम तीन-साडेतीन इंचांचा, केशरी-पिवळा क्रोमाइड दीडशे लिटरांत पाच-सहांच्या घोळक्यानं सुखात राहतो. दक्षिण भारत आणि श्रीलंकेच्या खाड्या-खाजणांत तो कालुंदरीच्या शेजारी राहतो आणि तिच्या अंगावरचे परजीवी टिपून खातो. संधी मिळाली तर तिची अंडीही खातो! त्याची पिल्लं आई-बापाच्या अंगावरचा चिकट स्राव चाटून वाढतात. त्याचे आणि कालुंदरीचे सर्वांत जवळचे नातेवाईक मादागास्करमध्ये आहेत. एवढा इतिहास अंगावर घेऊन फिरणारा मासा आपल्याच किनारपट्टीवर असताना आपण परदेशी संकर घेऊन येतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

टाकी सुरू केल्यावर चार ते सहा आठवडे फिल्टरमध्ये जिवाणू रुजू द्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मगच मासे भरा.

आणि मासा डोईजड झाला तर तलावात किंवा नदीत सोडू नका. बाहेरून आलेल्या चिलापीनं उजनी धरणात केवढा जम बसवला आहे, हे भिगवणच्या मासळीबाजारात दिसतं. दुकानदाराला परत द्या, मोठी टाकी असलेल्या कुणाला द्या. त्याहून बरं, घेतानाच विचारा: पूर्ण वाढला की हा केवढा होतो? उत्तर सहा इंचांच्या वर आलं तर तीन फुटी टाकीसाठी तो मासा घेऊ नका.