शौर्याचा हप्ता कोणी भरायचा?

वीरत्वाच्या भाषेचा एक उपयोग फारसा चर्चिला जात नाही : तिच्या आडून देणे बुडवता येते. एखाद्याला कामगार म्हटले की त्याच्या मजुरीचा, जखमेचा आणि तो गेल्यावर त्याच्या कुटुंबाचा हिशेब मांडावा लागतो. त्यालाच वीर म्हटले की पुष्पचक्रावर भागते. अमेरिकेतील स्वयंसेवी अग्निशामकांच्या विम्याचा प्रश्न वरकरणी विमाशास्त्राचा आहे. तरीही साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी त्याकडे पाहावे असे मला वाटते, कारण तो मुळात शब्दांचा प्रश्न आहे.

आधी वस्तुस्थिती. अमेरिकेत आग विझवणाऱ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश माणसे पगारी नाहीत. दिवसा शेती, सुतारकाम वा शिक्षकी करणारी ही माणसे भोंगा वाजला की हातातले काम टाकून धावतात. परंपरा जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिनने फिलाडेल्फियात १७३६ साली 'युनियन फायर कंपनी' हे स्वयंसेवकांचे दल उभारले. त्याच फ्रँकलिनने १७५२ साली सहकाऱ्यांसह आगीपासून घरांचा विमा उतरवणारी संस्थाही स्थापन केली. घर असे लवकरच विम्याच्या छायेत आले. घर वाचवताना मेलेल्या माणसाच्या वारसांना संघराज्याने ठरावीक रक्कम द्यावी, असा कायदा व्हायला मात्र १९७६ साल उजाडावे लागले. मधली सव्वादोनशे वर्षे स्थानिक औदार्यावर आणि काही राज्यांच्या सद्बुद्धीवर गेली.

१९७६च्या कायद्याने पगारी आणि बिनपगारी असा भेद केला नाही, हे त्याचे श्रेय. पण त्याच्या मनातला मृत्यू हा चित्रातला मृत्यू होता : कोसळणारे छप्पर, ज्वाळा, धूर. कर्तव्यावरील अमेरिकन अग्निशामकांच्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण मात्र हृदयविकार आहे. जड पोशाख, असह्य उष्णता, झोपेतून एकदम उठून धावणे. आणि मग घरी परतल्यावर खुर्चीतच सगळे संपते. हा मृत्यू दिसायला वीराचा नव्हता, म्हणून तो सहसा कायद्यात बसत नव्हता. २००३ साली दुरुस्ती झाली. असामान्य स्वरूपाचे, ताणाचे वा कष्टाचे शारीरिक काम केल्यापासून चोवीस तासांच्या आत हृदयविकाराचा वा पक्षाघाताचा झटका येऊन मृत्यू आला, तर तो कर्तव्यामुळेच आला असे गृहीत धरायचे ठरले. आता या वाक्यातले 'असामान्य' हे विशेषण पाहा. आग विझवणे हे अग्निशामकाचे नित्याचेच काम. मग त्याच्या बाबतीत असामान्य ते काय? एका विशेषणाच्या अर्थावर विधवांचे दावे अडून राहिले. शब्दार्थाची चिकित्सा हा रिकामटेकड्या प्राध्यापकांचा उद्योग आहे असे समजणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे.

दुसरी अडचण याहून विलक्षण. जायबंदी झालेल्या कामगाराची भरपाई सामान्यतः त्याच्या वेतनाच्या प्रमाणात ठरते. स्वयंसेवकाचे आग विझवण्याबद्दलचे वेतन शून्य. शून्याची कितीही टक्के काढा, उत्तर शून्यच येते! काही राज्यांनी त्याच्या मूळ नोकरीचे वेतन वा एखादी मानीव रक्कम धरून ही पळवाट बुजवली. न्यूयॉर्कने तर १९५०च्या दशकातच स्वतंत्र कायदा केला. पण सर्वत्र तसे नाही. काही ठिकाणी संरक्षण द्यावे की न द्यावे हे गावाच्या मर्जीवर सोडलेले आहे. म्हणजे धोका तोच असताना राज्याची सीमा ओलांडली की माणसाची किंमत बदलते.

तिसरा प्रश्न कर्करोगाचा. अग्निशामकाचा व्यवसाय कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली निःसंदिग्धपणे जाहीर केले. तरी 'अमुक आगीनेच हा रोग झाला हे सिद्ध करा' ही मागणी संपत नाही. वीस वर्षांत श्वासावाटे आत गेलेल्या धुराला पावती कोण देणार? न्यूयॉर्क राज्याचा २०१९पासून लागू असलेला कायदा स्वयंसेवकांना काही कर्करोगांसाठी लाभ देतो, पण त्यासाठी किमान पाच वर्षे पेटत्या वास्तूंच्या आत शिरून काम केल्याची अट आहे. कागद जपून ठेवण्याची सवय नसलेल्या छोट्या दलांतील माणसांना ही अट किती जड जात असेल, याची कल्पना करावी.

यावर आक्षेप ठरलेले आहेत. पहिला खर्चाचा : लहान गावांना हप्ते परवडत नाहीत. पण ही गावे पगारी दल ठेवू शकत नाहीत म्हणूनच स्वयंसेवक आहेत. वाचलेल्या पगाराचा अल्पांश हप्त्यात घालणे हा व्यवहार महाग म्हणता येणार नाही. टेक्सासमधील वेस्ट या गावी १७ एप्रिल २०१३ रोजी खताच्या गोदामात स्फोट होऊन १५ माणसे मेली. त्यांतील १२ जण मदतीला धावलेले होते, बहुतेक स्वयंसेवकच. शाळा, वृद्धाश्रम, घरे उद्ध्वस्त करणाऱ्या त्या कंपनीचा दायित्व विमा अवघा दहा लाख डॉलरचा होता. धोका साठवणारा इतक्या स्वस्तात सुटतो, आणि काटकसरीचे धडे मात्र धोका विझवणाऱ्यासाठी!

दुसरा आक्षेप नैतिक आहे, म्हणून अधिक घातक. पैशाचा विचार आला की सेवेचे पावित्र्य जाते, असे म्हणतात. जर्मनीत सुमारे दहा लाख स्वयंसेवी अग्निशामक कायद्याने अपघात विम्याखाली आहेत. त्यांची सेवावृत्ती त्यामुळे आटल्याचे दिसत नाही. शिवाय या युक्तिवादात एक लबाडी आहे. स्वयंसेवकाने वेतनावरचा हक्क सोडला, हे खरे. पण त्याच्या पत्नीने आणि मुलांनी काय सोडले आहे? त्याचा त्याग त्यांच्यावर परस्पर लादण्याचा अधिकार समाजाला कोणी दिला?

हे दूरचे वाटत असेल तर आपल्या 'आशा' स्वयंसेविकेकडे पाहावे. गावाचे आरोग्य तिच्या पायांवर उभे आहे. पण ती पडली 'स्वयंसेविका', म्हणून तिला वेतन नाही, 'मोबदला' आणि 'मानधन' आहे. मान आणि धन यांचा हा समास सोडवून पाहिला की धनाच्या जागी मान सरकवण्याची युक्ती ध्यानात येते. अग्निशामकाचे वीरत्व आणि आशाताईंचे सेवाव्रत ही एकाच टांकसाळीतली नाणी आहेत, आणि ती बाजारात चालत नाहीत.

गौरवगीते लिहिली जावीत, स्मारके उभी राहावीत. त्यांना विरोध नाही. फक्त प्रत्येक गौरवाच्या खाली, वहीखात्यात असते तशी, एक ओळ असावी : याच्या मागे राहिलेल्यांना काय दिले? ती ओळ कोरी असेल, तर वरचा सगळा मजकूर अलंकारिक आहे, आणि अलंकार इथे फसवणुकीचे साधन झाला आहे.