मधल्या आवाजाचा हिशेब

देहूत परवा एका लग्नाला गेलो होतो. वरात गाथा मंदिराच्या रस्त्याने निघाली. बँड होता, पण वाजवणारे मोजून सहा. बाकीचे काम गाड्यावरचा कीबोर्ड आणि कर्णे करीत होते. आवाज भरपूर होता, पण कान मात्र भुकेलेच राहिले. तेव्हा १९९१ सालचे एक कर्जप्रकरण आठवले.

मी त्या वेळी याच पट्ट्यातल्या एका बँकशाखेत कर्ज विभागात होतो. जवळच्या गावातले एक बँडमास्तर वाद्यांसाठी कर्ज मागायला आले. मेरठहून मागवलेले दरपत्रक त्यांनी पुढे ठेवले. त्यात बॅरिटोन होते आणि युफोनियमही. दोन्ही पितळी, दोन्ही बी-फ्लॅट, दोन्हींना तीन कळा, नळीही दोन्हींची सुमारे नऊ फुटांची. युफोनियम महाग. मी लाल शाईने ते खोडले. "मास्तर, एकाच जातीची दोन कशाला?" ते काहीतरी बोलू पाहत होते. मी शिक्का मारला.

पुढे देहूतल्याच एका लग्नात तो बँड ऐकला. ट्रम्पेट खणखणत होते, ढोल दणाणत होता, मधे मात्र पोकळी. मास्तरांना विचारले, तेव्हा त्यांनी शांतपणे समजावले. स्वर किती उंच, किती खोल, हे नळीच्या लांबीवर ठरते. स्वराचा पोत ठरतो तो नळी कशी रुंदावते यावर. ट्रॉम्बोनची नळीही नऊ फुटांचीच, पण बरीचशी एकाच जाडीची, म्हणून आवाज धारदार. बॅरिटोन अरुंद, त्याचा आवाज उजळ. युफोनियमची नळी मात्र तोंडाकडे जाताना फुगत जाते, म्हणून आवाज मऊ, गोल, भरलेला. मोठ्या ट्यूबाची नळी दुप्पट लांब, तो एक सप्तक खाली बसतो.

"साहेब, युफोनियम म्हणजे नवरीमागं उभा राहणारा मामा," मास्तर म्हणाले. "फोटोत दिसत नाही, पण नसला की मांडवाला कळतं."

या नावाचे मूळ ग्रीक, अर्थ गोड आवाजाचा. १८४३ च्या सुमारास जर्मनीतल्या वायमारच्या फर्डिनांड झोमर यांनी हे वाद्य घडवले, असे मानतात. पण देहूच्या माणसाला त्याचे मर्म कळायला जर्मनीला जायची गरज नाही. कीर्तनात बुवांच्या मागे चाल धरणारे टाळकरी बाजूला करून पाहा. बुवा तेच, अभंग तोच, पण कीर्तन उघडे पडते.

वर्षभराने त्यांचा बँड पुन्हा ऐकला. या वेळी गाण्याच्या दोन ओळींमधली जागा कोणीतरी हळुवार भरून काढत होते. "घेतलं साहेब, जुनंच," मास्तर म्हणाले. "घरातली एकदाणी मोडली." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बँकेचा एकही हप्ता त्यांनी चुकवला नाही. माझी फाईल निर्दोष होती. त्या एकदाणीची नोंद मात्र तिच्यात कुठेच नव्हती.

आज तो लाल शाईचा पेन आपल्या सर्वांच्या हातात आहे. वरातीची सुपारी देताना आपण म्हणतो, माणसे कमी करा, दोन कर्णे वाढवा. मग पहिली कात्री लागते ती मधल्या आवाजाला, कारण तो वेगळा ऐकू येत नाही. वर्षानुवर्षे ओठांनी घोटलेली एक कला त्या घासाघिशीत घरी बसते. यंदा घरात कार्य असेल, तर बँडवाल्याला एवढेच विचारा: युफोनियम वाजवणारा आहे का? असेल तर त्याचे पैसे कापू नका.

मी ते एकदा कापले आहेत. ती नोंद मला अजून खोडता आलेली नाही.