चाक धरणारे हात

भवानीपूरला मामांच्या घरी गेलं की आधी गॅरेज, मग चहा, हा तिथला शिरस्ता आहे. मामी दारातूनच म्हणतात, "जा, आधी सवतीचं दर्शन घेऊन ये!" ही सवत म्हणजे १९६५ सालची ट्रायंफ स्पिटफायर. दोन माणसांची, बिनछपराची, लाल रंगाची. आसामच्या चहामळ्यातल्या कुणा साहेबाने विलायतेहून आणलेली ही गाडी मामांनी ऐन तिशीत विकत घेतली. तेव्हा मामींनी पहिला प्रश्न विचारला होता, "मुलं कुठे बसणार?" त्याचं उत्तर मामांना आजतागायत सापडलेलं नाही.

या खेपेला मात्र दर्शन झालं ते एका लाकडी खोक्याचं. इंग्लंडहून आलेलं. आत भुश्शात गुंडाळलेले चार चकचकीत लोखंडी त्रिकोण. "पुढच्या चाकांचे नवे आर्म्स," मामा म्हणाले. किती पैसे पडले ते त्यांनी सांगितलं नाही. कस्टम ड्यूटी किती पडली तेही नाही. मामी आत आहेत ना, एवढीच खूण केली.

आता तुम्ही म्हणाल, गाडीला हात कुठले? तर सांगते. चाक गाडीला नुसतं ठोकून बसवलेलं नसतं. खड्डा आला की त्याला वर-खाली व्हावं लागतं आणि स्टीअरिंग फिरवलं की वळावंही लागतं. म्हणून पुढच्या प्रत्येक चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे दोन हात असतात, एक वर आणि एक खाली. कोंबडीच्या छातीतल्या फुरकाट्या हाडासारखा आकार, म्हणून इंग्रज त्यांना विशबोन म्हणतात. सांगाड्याकडचं टोक दाराच्या बिजागरीसारखं हलतं आणि त्या बिजागरीत रबराचा बुश असतो. खालचा हात लांब, वरचा आखूड. यात मोठी अक्कल आहे. वळणावर गाडी एका अंगाला कलते, तेव्हा हे कमी-जास्त लांबीचे हात बाहेरच्या चाकाला बऱ्यापैकी उभं ठेवतात आणि टायर रस्त्याला धरून राहतो. हात सारखेच असते तर गाडीबरोबर चाकही कललं असतं.

मामांची तक्रार अशी की गाडी हल्ली डावीकडे ओढते, खड्ड्यात 'खाड्' असा आवाज करते आणि टायर आतल्या बाजूने झिजतात. नवे आर्म्स नळीचे, वजनाला हलके, आणि त्यांची लांबी आटे फिरवून कमी-जास्त करता येते. म्हणजे चाकाचा कल हवा तसा लावता येतो. बुशही रबराऐवजी कडक पॉलियुरेथेनचे. परदेशात शर्यतीला उतरणारे हौशी लोक हेच बसवतात. मामा पंचाहत्तरीला आले आहेत. शर्यत कुणाशी लावायची, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. वय सत्तरच्या पुढे, खांद्यावर गमछा. सारी उमेद अँबॅसेडरखाली गेलेली. कलकत्त्यात ते साहजिकच होतं. अँबॅसेडर बनायची पलीकडे उत्तरपाड्याला, हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात, २०१४ साली तो बंद पडेपर्यंत. शहरातल्या दोन पिढ्यांच्या मिस्त्र्यांची शाळाच ती. पण या गृहस्थांनी उमेदवारीच्या काळात हेरल्डही उघडल्या होत्या.

हेरल्ड आपल्याकडच्या जुन्या लोकांना आठवत असेल. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून ती बनवली. तिचं अख्खं नाकाड पुढच्या बाजूला उघडायचं आणि ती इतक्या थोड्या जागेत वळायची की गल्लीत उभी राहून बघावं. स्पिटफायर ही या हेरल्डचीच धाकटी, नखरेल बहीण. दोघींच्या पुढच्या चाकांची ठेवण एकच. मामांना इतकी वर्षं मल्लिकबाजारात धुंडाळून सुटे भाग मिळत गेले ते या नात्यामुळे. तिथे अजूनही जुन्या गाड्यांचे अवयव भाजीसारखे मांडलेले असतात. नग हातात घेऊन दहा वेळा बघायचा आणि मगच किंमत विचारायची.

मिस्त्रींनी खोक्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गाडी जॅकवर घेतली, खाली लाकडी ठोकळे लावले, आणि चाकाला वर एक, खाली एक असा हात लावून हिसका दिला. खालून 'टक्' असा आवाज आला. त्यांनी मान हलवली, ग्रीसची एक निपल उघडली, आत बोट घालून ते मला दाखवलं. काळं, घट्ट, चॉकलेटसारखं ग्रीस. "दीदी, ए गाडी तेल खाय, ग्रीस खाय ना!"

मला काहीच कळलं नाही. मामांचा चेहरा मात्र उतरला.

गोष्ट अशी आहे. चाक पेलणारा उभा पोलादी दांडा आणि खालचा आर्म यांच्यामध्ये पितळी रंगाचा एक ठोकळा असतो, त्याला ट्रनिअन म्हणतात. बाटलीच्या झाकणात बाटलीचं तोंड बसावं तसा तो दांडा आट्यांनी या ठोकळ्यात बसतो आणि स्टीअरिंग फिरवाल तसा त्या आट्यांतच फिरतो. एका चाकाचे आटे उजवे, दुसऱ्याचे डावे. या जागी दाट गिअर ऑइल भरा, असं कंपनीचं सांगणं होतं. तेल आट्यांमधून खालपासून वरपर्यंत झिरपतं. ग्रीस तिथे पोचत नाही, एका जागी बसतं, वाळतं. वर रस्त्यावरचं पाणी आत शिरतं. पावसाळ्यात तुंबलेलं कलकत्ता ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको. चाकाचा निम्मा भाग तासन्‌तास पाण्यात असतो. दांडा आतल्या आत गंजतो, आटे घट्ट होतात, आणि दर वळणावर पोलादाला पीळ बसत जातो. मग एक दिवस दांडा मोडतो, आणि चाक पाय मुडपावा तसं गाडीखाली मुडपतं.

अँबॅसेडरच्या निपलमध्ये ग्रीसच भरायचं असतं. सवयीचा हात तीच ग्रीसगन इथेही लावतो, कारण बाहेरून निपल तशीच दिसते. मामांची गाडी मधली सहा वर्षं एका गॅरेजकडे होती. तिथल्या पोरांनी दर सर्व्हिसिंगला इमानेइतबारे ग्रीस भरलं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता.

मिस्त्रींनी डावा दांडा सोडवून फडक्याने पुसला. आटे संपतात त्या मानेवर गंजाची कडी होती आणि तिच्यात केसाएवढी चीर. उजेडात तिरका धरल्यावरच दिसली. तेवढ्यात मामी चहा घेऊन आल्या होत्या. आदल्याच रविवारी दोघं या गाडीतून रेड रोडवर फिरून आले होते. मामींनी चीर पाहिली, कप खाली ठेवला आणि एक अक्षर न बोलता आत गेल्या. एरवी त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी स्पष्टच लिहिते. नवे आर्म्स बसवण्याची मामांची हौस मला चुकीची वाटत नाही. लोखंड साठ वर्षांचं झालं की बदलावंच लागतं. पण त्या खोक्यातले चारही त्रिकोण बसवले असते तरी तो चिरलेला दांडा त्यांच्या टोकाला तसाच राहिला असता. वर चाकाला आणखी घट्ट पकड मिळाली असती, म्हणजे दांड्यावर आणखी जोर. कडक बुशांचंही तसंच आहे. ते टिकतात, चाक जागचं हलू देत नाहीत. पण रबर जो दणका पोटात घेतं तो ते सरळ सांगाड्याला देतात. गुळगुळीत रस्त्यावर ते मजेचं असेल. इथे काही रस्त्यांत ट्रामचे जुने रूळ अजून दगडी फरशीत आहेत, त्यावरून जाताना पाठीचा मणका मोजून घ्यावा.

दुसरी अडचण मामांच्या मानाची. स्टेट्समनची जुन्या गाड्यांची रॅली दिल्लीत १९६४ साली सुरू झाली, मागोमाग कलकत्त्यातही. मामा तिथे जातात, कारण वर्षातून एक दिवस त्यांना सगळे ओळखतात. अशा ठिकाणी गाडी किती मूळ रूपात आहे ते पाहतात. नळीचे चकचकीत हात बघून परीक्षक भुवया उंचावणारच.

शेवटी ठरलं ते असं. दोन्ही दांडे आणि ट्रनिअन नवे. मूळ आर्म्स तपासून, वाकलेला एक बदलून, काळा रंग देऊन परत. बुश रबराचेच, पण नवे. बोल्ट शेवटचे आवळले ते गाडी चाकांवर उभी करून, आत दोन माणसं बसवून. हवेत लटकलेल्या गाडीत आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. माणसं म्हणून मी आणि शेजारचा मुलगा बसलो. सांगाडा आणि आर्मच्या मध्ये पातळ पत्र्याच्या पट्ट्या असतात. त्या कमी-जास्त करून मिस्त्रींनी चाकांचा कल लावला. म्हणजे जे नव्या आर्म्सने साधायचं होतं, त्यातलं बरंचसं या पट्ट्यांनीच साधलं. ग्रीसगन धुऊन त्यात गिअर ऑइल भरलं आणि तिच्यावर लाल रंगाने 'तेल' असं बंगालीत लिहून ती खिळ्याला टांगली.

खोकं आता मामांच्या कपाटावर आहे. मामींना त्यात नवं मिक्सर आहे असं सांगितलंय म्हणे, पण मामींनी ते केव्हाच उघडून पाहिलंय.

मी निघाले त्या सकाळी मामांनी गाडी बाहेर काढली. व्हिक्टोरियापर्यंत जाऊन येऊ म्हणाले. मामी पदर डोक्यावरून घेऊन, गॉगल लावून बाहेर आल्या. दार उघडलं, पण बसल्या नाहीत.

"अहो, तेल घातलंत का?"

"घातलं."

"दोन्हीकडे?"

मामा इंजिन बंद करून खाली उतरले आणि ग्रीसगन आणायला गॅरेजमध्ये गेले.