मोटर गेली म्हणजे काय गेलं?

जुन्या शिलाई मशीनची मोटर ‘गेली’ असं कुणी म्हटलं, की माझा पहिला प्रश्न असतो, नेमकं काय गेलं? कारण पुष्कळदा मोटर शाबूत असते आणि झिजलेले असतात फक्त कार्बन.

मी ब्लाउज शिवते. मशीन सासूबाईंचं, काळं, लोखंडी. मागून छोटी मोटर बसवलेली. ऐन लग्नसराईत ती अडखळायला लागली. आत ठिणग्या, जळका वास. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलानं झाकणही न उघडता निकाल दिला, ‘काकू, पार्ट मिळत नाही. अख्खी मोटर बदला, नाहीतर नवीन मशीनच घ्या.’

बुधवार पेठेतल्या कारागिरानं मोटरच्या दोन्ही बाजूंच्या टोप्या फिरवून काढल्या. स्प्रिंगमागोमाग कार्बन बाहेर आला, झिजून हरभऱ्याच्या डाळीएवढा उरलेला. या मोटरीत फिरत्या तांब्याच्या पट्ट्यांना वीज पोचते ती स्प्रिंगनं दाबून धरलेल्या कार्बनच्या या दोन कांड्यांतून. कांडी मुद्दाम मऊ ठेवलेली असते. ती झिजावी आणि महागडं तांबं वाचावं, हाच त्यातला हिशेब. झिजणार हे ठाऊक होतं, म्हणून तर बनवणाऱ्यानं बाहेरून उघडणारी टोपी दिली!

त्याच्याकडे नेमक्या मापाचा कार्बन नव्हता. थोडा जाड घेऊन त्यानं तो पॉलिश पेपरवर घासला, खाचेत सैल सरकेपर्यंत. तांब्याच्या पट्ट्यांमधली काळी भुकटी बांबूच्या काडीनं कोरून काढली. मग पट्टा न चढवता मोटर नुसतीच फिरू दिली, म्हणजे कार्बनचं तोंड तांब्याच्या गोलाईला बसतं. जोडीचे पैसे वडापावच्या बिलाएवढे. मजुरी त्याहून जास्त, आणि ती त्यानं घ्यायलाच हवी. मोटरीची तडकलेली वायरही मी बदलून घेतली. जुन्याचं कौतुक शॉक बसेपर्यंत करू नये.

विजेच्या वस्तूला अनाडी हात लागू नयेत, हे कंपन्यांचं म्हणणं मला मान्य आहे. पण म्हणून सुटा भाग विकायचाच नाही? दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनी सिंगरच्या १५ नंबरच्या नमुन्यावरून सामाईक मापं ठरवली आणि एकाचे भाग दुसऱ्याच्या मशीनला बसू लागले. त्या घराण्यातल्या मशीनची सुई, बॉबिन आजही सहज मिळते. म्हणजे अडचण तंत्राची नाही, दानतीची आहे.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ साली ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टलही सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू, वाहनं अशी चार क्षेत्रं घेतली. चांगलंच झालं. पण पोर्टलवर पत्ता सापडतो तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा, आणि ‘पार्ट मिळत नाही’ हे मला तिथेच ऐकायला मिळालं होतं. कायदा करायचाच तर साधा करा. मिक्सर असो की शिलाई मशीन, खोक्यावर कार्बनचं आणि दांडा ज्यात फिरतो त्या बुशाचं माप छापा, ते भाग किमान दहा वर्षं सुटे विका, आणि कंपनीबाहेरच्या कारागिरालाही त्याच भावात द्या.