घरचें बियाणें

आमच्या वडील वहिनी गेल्यावर पालमच्या घरची कोठी आवरीत असतां चार मडकीं सांपडलीं. त्यांत तीळ, जवस, कारळें व अंबाडी यांचें बियाणें राखेंत घालून ठेविलेलें होतें. परंतु वर्षानुवर्षें तें पेरलें न गेल्यामुळें एकही दाणा रुजला नाहीं. राखलेलें बियाणें वेळोवेळीं शेतांत गेलें तरच जगतें, हें आम्हांस तेव्हां उमगलें.

दोष आमचाच. वहिनींच्या कारकीर्दींत ज्वारीच्या तासांमधून तूर व मूग असत. आम्हीं सोयीसाठीं सारें शेत सोयाबीनखालीं आणिलें. २०२० च्या मृगांत विकतचें बियाणें उगवलेंच नाहीं. त्या सालीं मराठवाड्यांत अशा तक्रारी पुष्कळ झाल्या. दुबार पेरणीचा खर्च बटाईदारावर पडला, आणि सोयाबीनचा आग्रह धरणाऱ्या आम्हांस त्याच्यापुढें मान खालीं घालावी लागली.

‘कृषिपराशर’ ग्रंथांत बियाणें माघ-फाल्गुनांत गोळा करून उन्हांत चांगलें वाळविण्यास सांगितलें आहे. शास्त्रहि याहून निराळें सांगत नाहीं. संकरित वाणाचें बियाणें दरसाल विकत घ्यावें लागतें, कारण त्याची पुढील पिढी मूळ गुण धरीत नाहीं. सोयाबीन, मूग किंवा परभणीच्या कृषि विद्यापीठाची ‘परभणी मोती’ ज्वारी हे सरळ वाण होत. त्यांचें निवडक बियाणें घरीं राखतां येतें. २००१ च्या कायद्यानेंहि शेतकऱ्यास आपलें बियाणें राखण्याचा, पेरण्याचा व देवघेवीचा हक्क दिला आहे. अकोले तालुक्यांतील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनीं शालेय शिक्षणावांचून देशी वाणांची बीजपेढी उभी केली; २०२० सालीं त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आम्हां शिकलेल्यांस मात्र चार मडकीं सांभाळतां आलीं नाहींत!

आतां आमच्या घरीं पेरणीपूर्वीं सरसकट शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटांत गुंडाळतात, आणि सात-आठ दिवसांनीं मोड मोजतात. सोयाबीनचे सत्तर वा अधिक रुजले तर बियाणें नेहमींच्या मापानें घ्यावें. थोडे कमी पडल्यास त्या मानानें वाढवावें. फारच कमी असल्यास बदलावें. हें काम घरांतील मुलेंहि हौसेनें करितात.

यंदां सूनबाईंनीं माहेराहून ओंजळभर जवस मागून आणिला आहे. तो शेताच्या एका कडेला पेरावयाचा आहे. वहिनींचीं मडकीं धुवून उन्हांत ठेविलीं आहेत.