शंभरी ओलांडलेली जोहरा आजी

दोस्तांनो, तुमच्या वाड्यात, गल्लीत किंवा सोसायटीत एखादी अशी आजी नक्की असेल, जिच्याकडे सारखा माणसांचा राबता असतो. कुणी लोणच्याचा मसाला विचारायला येतं, कुणी नुसतंच गप्पा मारायला. आजी कुणालाही "नंतर ये" म्हणत नाही. आज अशाच एका आजीची गोष्ट सांगणार आहे. ती थोडीथोडकी नव्हे, तब्बल 102 वर्षं जगली. तिचं नाव जोहरा सेहगल.

तुमच्यापैकी काहींनी तिला पाहिलंही असेल. 2007 साली आलेल्या 'चीनी कम' चित्रपटात अमिताभ बच्चनची खट्याळ आई झाली होती ना, तीच ही! तेव्हा तिचं वय किती होतं ठाऊक आहे? 95! या वयात माणसं काठी शोधत असतात आणि ही बाई कॅमेऱ्यासमोर उभी राहून अमिताभला दटावत होती.

जोहराचा जन्म 27 एप्रिल 1912 रोजी सहारनपूरला झाला. घराणं रामपूरकडचं, नवाबी थाटाचं. सात भावंडांत ही तिसरी. बालपण डेहराडूनजवळच्या चक्राता या डोंगराळ गावात गेलं. आई लवकर वारली. मुलींनी शिकावं अशी तिची फार इच्छा होती, म्हणून जोहराला लाहोरच्या क्वीन मेरीज कॉलेजात घातलं. तिथे मुलींना पडदा पाळावा लागे. आणि याच मुलीने 1930 साली काय करावं? मामाबरोबर चक्क मोटारीने लाहोरहून युरोपला निघाली! इराण, पॅलेस्टाइन, सिरिया असं करत दोघं इजिप्तला पोहोचले आणि अलेक्झांड्रियाला बोटीत बसले. तेव्हाचे रस्ते, तेव्हाच्या गाड्या आणि मोटारीत एक अठरा वर्षांची मुलगी, चित्र डोळ्यांसमोर आणून बघा जरा.

जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मेरी विगमन नावाच्या प्रसिद्ध नर्तिकेची शाळा होती. जोहरा तिथे तीन वर्षं आधुनिक नृत्य शिकली. त्याच काळात युरोपच्या दौऱ्यावर आलेल्या उदय शंकरांचं शिव-पार्वतीचं नृत्य तिने पाहिलं आणि ती भारावून गेली. पुढे उदय शंकरांची तार आली. जपानचा दौरा आहे, लगेच येता येईल का? बाईसाहेब निघाल्याच. 1935 सालच्या ऑगस्टपासून जपान, इजिप्त, युरोप, अमेरिका असा जगभर प्रवास झाला. नंतर अलमोड्याला उदय शंकरांनी केंद्र काढलं, तिथे ती शिकवू लागली. तिथेच तिला कामेश्वर सेहगल भेटले. इंदूरचे हे तरुण शास्त्रज्ञ होते, चित्रकारही होते आणि नर्तकही. वयाने तिच्याहून आठ वर्षांनी लहान. शिवाय ती मुसलमान, ते हिंदू. घरचे आधी कुरकुरले, पण शेवटी होकार मिळाला. 14 ऑगस्ट 1942 ला लग्न झालं. पंडित नेहरू लग्नाला येणार होते, पण 'चले जाव'ची चळवळ सुरू झाली आणि इंग्रजांनी त्यांना आधीच तुरुंगात टाकलं!

इथून पुढे आपली मुंबई येते. 1945 साली जोहराबाई पृथ्वीराज कपूर यांच्या 'पृथ्वी थिएटर्स'मध्ये दाखल झाल्या. पगार महिना 400 रुपये. पृथ्वी म्हणजे एक मोठं कुटुंबच होतं. मुंबईतलं ऑपेरा हाऊस हे जणू त्याचं घर. तिथून ही मंडळी रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाने देशभर फिरत. नाटक संपलं की पृथ्वीराज स्वतः झोळी धरून दाराशी उभे राहत आणि लोक गरजूंसाठी तीत पैसे टाकत. जोहराबाई या घोळक्यात चौदा वर्षं होत्या. त्यांची धाकटी बहीण उझ्राही याच कंपनीत नायिकेची कामं करायची. जोहराबाई दिसायला काही नायिकेसारख्या नव्हत्या, त्यांच्या वाट्याला बहुधा दुय्यम भूमिका येत. पण त्या कधी रुसून घरी बसल्या नाहीत. मिळेल ती भूमिका जीव ओतून करायची, शिवाय नृत्यं बसवायची. 'बाजी' आणि 'आवारा' या 1951 सालच्या चित्रपटांसाठीही त्यांनी नृत्यं बसवली होती.

आणि मग 1959 साली कामेश्वर गेले. जोहराबाई तेव्हा 47 वर्षांच्या, पदरात किरण आणि पवन ही दोन मुलं. थोड्याच दिवसांत पृथ्वी थिएटर्सही बंद पडलं. नवरा नाही, कंपनी नाही, रोजची माणसं नाहीत. दोस्तांनो, अशा वेळी माणूस दार लावून बसला तर त्याला नावं कोण ठेवणार?

पण जोहराबाई पुन्हा माणसांत गेल्या. आधी दिल्लीला नाट्यशिक्षणाचं काम केलं. 1962 साली शिष्यवृत्ती मिळाली आणि वयाच्या पन्नाशीत त्या लंडनला पोहोचल्या. तिथे त्यांना कोण ओळखणार? जगभर नाचून आलेल्या या बाईने मिळतील ती लहानसहान कामं केली. छोट्या भूमिका केल्या, नृत्य शिकवलं. मोठं नाव व्हायला कितीतरी वर्षं लागली. 1984 साली 'द ज्युएल इन द क्राऊन' ही मालिका इंग्लंडमध्ये गाजली, तीत त्या होत्या. तेव्हा त्यांची बहात्तरी आली होती!

आता एक गंमत सांगते. 1983 मध्ये उदय शंकरांच्या स्मृतीसाठी झालेल्या कार्यक्रमात जोहराबाईंनी कविता म्हणून दाखवल्या. लोकांना त्या इतक्या आवडल्या की पुढे तोच त्यांचा ठेवा झाला. हातात कागद नाही, समोर वही नाही. एकामागून एक उर्दू कविता तोंडपाठ! हफीज जालंधरींची तारुण्यावरची एक नज्म तर जिथे जातील तिथे लोक हट्टाने म्हणायला लावत. नव्वदीतली बाई मान उडवत, डोळे मिचकावत तारुण्याची ऐट मिरवायची आणि सभागृह टाळ्यांनी दणाणायचं. "या वयात कसं लक्षात राहतं हो?" याचं उत्तर साधं होतं. रोजचा व्यायाम आणि रोजचं पाठांतर. आपण पाढे म्हणायला कंटाळतो, हो की नाही?

बहीण उझ्रा पुढे पाकिस्तानात राहायला गेली होती. दोघी बहिणी, दोन देश आणि मध्ये सीमा. 1993 साली लाहोरला 'एक थी नानी' हे नाटक झालं. गोष्टही सीमेच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्या दोन बहिणींचीच. रंगमंचावर कोण होतं? 81 वर्षांच्या जोहरा आणि 76 वर्षांच्या उझ्रा! कितीतरी वर्षांनी दोघी एकत्र उभ्या होत्या आणि तेही ज्या लाहोरात जोहरा शाळकरी पोर होती तिथेच. व्हिसा, पोलीस आणि भांडणारी सरकारं यांच्यातून वाट काढायला त्या बहिणींना नाटक उपयोगी पडलं.

मानसन्मान तर खूपच मिळाले. 1998 साली पद्मश्री, 2002 साली पद्मभूषण आणि 2010 साली पद्मविभूषण. पण घरी मात्र त्यांना भारदस्त किताब नव्हता. मुलगी किरण स्वतः ओडिसी नर्तिका. आई शंभर वर्षांची झाली तेव्हा, 2012 साली, तिने आईवर पुस्तक लिहिलं आणि त्याच्या नावात आईचं लाडाचं नाव घातलं, 'फॅटी'! यावर रागावणारी ती आई नव्हतीच.

10 जुलै 2014 रोजी दिल्लीत जोहरा आजी गेल्या. शंभर वर्षं जगणं आपल्या हातात नसतं. पण एक गोष्ट त्यांनी आपल्या हातात ठेवली होती. आयुष्यात जेव्हा जेव्हा त्यांच्या भोवतीची माणसं पांगली, तेव्हा तेव्हा त्या उठून नव्या माणसांत गेल्या आणि अगदी पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. म्हणून नातवंडांच्या वयाची पोरंही त्यांची दोस्त होती.

तर या आठवड्याचा आपला उद्योग. तुमच्या आजीला, नाहीतर शेजारच्या आजीला विचारा, "आजी, तुला लहानपणची कुठली कविता पाठ आहे?" मग वही घेऊन तिच्याजवळ बसा आणि ती म्हणेल ती कविता उतरवून घ्या. एखादी ओळ आठवेना, तर तिला घाई करू नका. थांबा थोडं. येईल आठवत.