मात्रा कोण मोजणार?

मुलचेऱ्याच्या धानशेतीत तुडतुडे पडले की पाठीवर पंप घेऊन फवारणीला उभा राहतो तो बहुधा मजूर. त्याच्या हातातील डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. 1968 चा कीटकनाशक कायदा आणि 1971 चे नियम यांनी ठरविलेली ही प्रतवारी प्राणघातक मात्रेवर उभी आहे : दर किलो वजनामागे किती विष एकदाच दिले असता प्रयोगातील निम्मे प्राणी मरतात? तोंडावाटे 50 मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, 500 पर्यंत पिवळा. आकडा खोटा नाही. परंतु घामेजल्या अंगावर दिवसभर उडणाऱ्या तुषारांचा आणि एकाच पंपात कालविलेल्या दोन-तीन द्रव्यांचा हिशेब त्यात नाही. हा हिशेब 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या रानात झाला. वीसहून अधिक माणसे दगावली. ठपका मात्र मजुरांच्या निष्काळजीपणावर ठेवण्याचे सूर निघाले. मोनोक्रोटोफॉसवर बंदी यायला पुढे 2023 उजाडले.

या वर्गातील विषांवर अॅट्रोपिन हे औषध आहे. धोत्र्यात आढळणारे हेच ते द्रव्य. ऑर्गॅनोफॉस्फेट विषामुळे मज्जातंतूंचा निरोप वाहणारे अॅसिटिलकोलीन शरीरात साचत जाते, ग्राहींना अखंड चेतवीत राहते. लाळ गळते, छातीत स्राव भरतो, नाडी मंदावते. अॅट्रोपिन त्याच ग्राहींवर जाऊन बसते, पण त्यांना चेतवीत नाही. केवळ जागा अडविते. एका जागेसाठी दोघांची ही चढाओढ आहे, आणि म्हणूनच विष जितके अधिक तितके औषधही अधिक लागते.

औषधाची सुरक्षितता घातक व गुणकारी मात्रांच्या गुणोत्तराने मोजतात. येथे गुणकारी मात्राच रोग्यागणिक बदलते. दोन-तीन मिलिग्रॅमपासून आरंभ करून दर पाच मिनिटांनी दुप्पट, छाती कोरडी होईपर्यंत. पुढे गेल्यास भ्रम आणि ताप. म्हणजे मोजमाप पुस्तकात नव्हे, खाटेशेजारी रात्रभर बसलेल्या जाणत्या परिचारिकेच्या हाती आहे. शिवाय स्नायूंवरील ग्राही निराळ्या जातीचे. तेथे अॅट्रोपिनचा इलाज चालत नाही. श्वासाचे स्नायू थकले की कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्रच हवे. आणि यवतमाळात वापरलेल्या डायफेन्थियुरॉनसारख्या द्रव्यावर तर उताराच नाही.

अॅट्रोपिन स्वस्त आहे. महाग आहे ती भरलेली जागा, रात्री चालू असणारी गाडी, आणि ओढे भरले असता गडचिरोलीपर्यंतचा रस्ता. कंपनीच्या ताळेबंदात हा खर्च कोठेच दिसत नाही. तो मजुराचे घर आणि सरकारी दवाखाना सोसतात. लाल व पिवळ्या त्रिकोणाच्या प्रत्येक डब्यावर उपकर बसवून त्यातून तालुक्याच्या ठिकाणी यंत्र व माणसे ठेवावीत, आणि ज्या द्रव्याला उतारा नाही त्याची विक्री मुळातच होऊ नये, एवढी मागणी कार्यकर्त्यांनी येत्या खरिपापूर्वी ग्रामसभांतून ठराव करून तहसीलदारांपुढे ठेवावी.